परकी भाषा स्क्रीनवर, आपली भाषा कागदावर

अनुवाद करणाऱ्या दोन माणसांची ओळख झाली की थोड्याच वेळात कोशांचा विषय निघतो. तुम्ही अजून छापील कोश उघडता, की सगळं ऑनलाइनच? छापील कोश वापरणारा जुन्या वळणाचा आणि ऑनलाइन पाहणारा घाईतला, अशी सोयीची वाटणी आपण करून टाकली आहे. मला ती पटत नाही. वय आणि सवय यांचा वाटा असेलही थोडाफार; पण अनुवाद करताना प्रत्यक्ष काय घडतं ते पाहिलं, तर रेघ निराळ्याच जागी पडलेली दिसते. माझ्यापुरती ती अशी आहे : ज्या भाषेतून मी अनुवाद करते तिचा कोश मला स्क्रीनवर हवा असतो, आणि ज्या भाषेत करते तिचा कागदावर.

आधी स्क्रीनबद्दल, कारण तिथे माझ्या मनात फारशी शंका नाही. इंग्रजी मजकूर वाचताना अडलेला शब्द डोळ्यांसमोर असतो, त्याचं स्पेलिंग दिसत असतं. प्रश्न नेमका असतो : या जागी याचा अर्थ काय? त्यामागोमाग आणखी काही प्रश्न येतात. शब्द बोलण्यातला की कागदोपत्री? ब्रिटिश की अमेरिकी? लेखकाच्या काळात तो याच अर्थाने वापरत होते का? कोणत्या शब्दांच्या सोबतीने तो येतो? चांगला ऑनलाइन कोश या सगळ्यांची उत्तरं एका बैठकीत देतो, शिवाय उच्चार ऐकवतो. 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'ची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली ती २० खंडांत आणि २१,७२८ पानांत. ती घरी बाळगणारा अनुवादक विरळाच. २००० साली हा कोश ऑनलाइन आला आणि तेव्हापासून त्याची तिसरी आवृत्ती तिथेच, दर तीन महिन्यांनी थोडी थोडी, घडते आहे. या कोशात अर्थ ऐतिहासिक क्रमाने लावलेले असतात, सर्वांत जुना आधी, आणि प्रत्येक अर्थाखाली सालवार अवतरणं असतात. एकोणिसाव्या शतकातली कादंबरी हातात असेल तर एखादा अर्थ तेव्हा रूढ होता की नव्हता, हे त्या सालांवरून कळतं. भाषा शिकणाऱ्यांसाठी केलेले कोश बहुधा उलट चालतात, सर्वांत प्रचलित अर्थ पहिला देतात. आपल्या समोरच्या कोशाचा क्रम कोणता आहे हे ज्याने कधी पाहिलंच नाही त्याला पहिला अर्थ उचलून पुढे जायची सवय लागते, मग कोश कागदी असो वा डिजिटल. अनुवादातल्या कितीतरी विचित्र वाक्यांचं मूळ या सवयीत आहे असं मला वाटतं.

मराठीकडे वळलं की प्रश्नाचं रूपच पालटतं. आता अर्थ कळलेला असतो. वाक्याचा सूर, बोलणाऱ्याचा स्वभाव, त्याचा राग खरा की वरवरचा, सगळं उमगलेलं असतं. अडलेलं असतं ते शब्दापाशी, आणि तो शब्द परकाही नसतो. तो मी ऐकला आहे, वाचला आहे, कधीतरी वापरलाही असेन. या क्षणी तेवढा तो ओठांवर येत नाही. अशा वेळी शोधचौकटीत टाइप काय करायचं? ती चौकट नेमकी तीच गोष्ट मागते जी माझ्याजवळ नाही.

छापील कोशाला अशी अट घालता येत नाही. जवळपासच्या कुठल्याही शब्दाने आत शिरावं आणि वाचत जावं. इंग्रजीत या गरजेसाठी पीटर मार्क रॉजेट यांनी १८५२ साली शब्दांचा एक मोठा संग्रहच केला, अक्षरांच्या क्रमाने नव्हे तर कल्पनांच्या क्रमाने लावलेला. मराठी अनुवादकाला मात्र हे काम बहुतेक वेळा अकारविल्हे लावलेल्या कोशाकडूनच करून घ्यावं लागतं, आणि नवल म्हणजे तो ते बऱ्यापैकी करतो.

आवाजाच्या शब्दांचंच पाहा. इंग्रजी कादंबरीत काहीतरी वाजतं, घासतं, आपटतं आणि लेखक त्यासाठी एखादं नेमकं क्रियापद वापरतो. मराठी अशा शब्दांनी श्रीमंत आहे, पण ही श्रीमंती मागितल्यावर लगेच हातात येत नाही. जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशात 'ख'ची पानं उघडावीत. खडखड, खडखडाट, खडखडीत; थोडं पुढे खणखण, खणखणीत; मग खळखळ, आणखी पुढे खुळखुळ. पत्र्याचा आवाज, धातूचा आवाज, वाहत्या पाण्याचा आवाज, बंद डबीतल्या बियांचा आवाज. त्या आवाजांतून पुढे स्वभाव आणि स्थिती निघालेली दिसते : खडखडीत बरा झालेला माणूस, खणखणीत उत्तर, खळखळ करत पैसे देणारा. मी शोधायला गेले होते पत्र्याचा आवाज. परतताना पुढच्या प्रकरणातल्या एका पात्राचं विशेषणही सोबत असतं. हे शब्द असे जवळजवळ येतात याचं कारण साधं आहे. अनुकरणवाचक शब्दांत व्यंजन तेच राहतं आणि बाकीचं बदलत जातं, त्यामुळे अक्षरक्रमाने लावले तरी अर्थाची माणसं एका मोहल्ल्यात राहिल्यासारखी सापडतात. ऑनलाइन कोश मला त्यांतल्या एकाच्या दारात नेऊन उभं करतो. तिथून शेजारच्या दारावरची पाटी दिसत नाही.

मोल्सवर्थ यांच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची आणि वाढवलेली दुसरी १८५७ची. दुसरीत सुमारे ६०,००० शब्द आहेत. इंग्रजीतून मराठीत येणाऱ्याने मराठी-इंग्रजी कोश कशाला पाहायचा, असा प्रश्न नव्याने कामाला लागलेली मंडळी विचारतात. माझं ठाम मत आहे की अशा अनुवादकाने इंग्रजी-मराठी कोशापेक्षा मराठी-इंग्रजी कोश जास्त वाचावा. इंग्रजी-मराठी कोशाला प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे काहीतरी लिहावंच लागतं. जिथे मराठी शब्द नाही तिथे तो समास जोडतो किंवा समजावून सांगतो, आणि ते समजावणंच अनुवादक नकळत वाक्यात उतरवतो. मराठी-इंग्रजी कोशात जे आहे ते मराठी माणसांच्या तोंडून आणि ग्रंथांतून आलेलं आहे. तिथला प्रत्येक शब्द कुणीतरी कधीतरी गरजेपोटी वापरलेला आहे. मोल्सवर्थ त्याची छटा इंग्रजीत उलगडून सांगतात आणि शेजारच्या शब्दापासून तो कसा वेगळा हेही अनेकदा नोंदवतात, त्यामुळे दोन भाषांमधली ती बारीक जागा उजेडात येते.

आणि मग दाते-कर्वे. यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघाला आणि १९५० साली त्याला पुरवणी जोडली गेली. जुन्या काव्यांतली, बखरींतली, पत्रव्यवहारातली अवतरणं, शब्दाखाली दिलेल्या म्हणी आणि वाक्प्रचार, आणि वऱ्हाडी, नागपुरी, गोमंतकी, राजापुरी अशा बोलींच्या संक्षिप्त खुणा. मराठीतून मराठीत अर्थ सांगणारा कोश अनुवादकाला मोठी मदत करतो, कारण तो क्षणभर मूळ भाषेचा पीळ सोडवतो. इंग्रजी वाक्याच्या सावलीत तासभर बसल्यावर कानात इंग्रजीचीच चाल राहते. मग दात्यांच्या कोशातली दोन पानं वाचली की वाक्य पुन्हा मराठीत चालू लागतं. अडलेला शब्द सापडला नाही तरी हे होतंच. मी कितीदा तरी शब्द शोधायला कोश उघडते आणि वाक्याची रचना घेऊन परत येते.

आता माझ्याच म्हणण्याला छेद देणारी गोष्ट. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल कोशसंग्रहात मोल्सवर्थ आहेत, दाते आहेत, वझे यांचा १९११चा शालेय कोश आहे, मॅक्सीन बर्नसन यांचा मूलभूत मराठी-इंग्रजी कोश आहे, शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा १९९९चा कोशही आहे. हे नुसते पानांचे फोटो नाहीत, शोधता येईल असा मजकूर आहे. तिथे शीर्षशब्दाबरोबरच, म्हणजे ज्या शब्दाखाली नोंद दिलेली असते त्याबरोबरच, नोंदीच्या संपूर्ण मजकुरात शोध घेता येतो. म्हणजे इंग्रजी शब्द टाइप करायचा आणि मोल्सवर्थ यांनी तो कोणकोणत्या मराठी शब्दांचा अर्थ सांगताना वापरला आहे ते पाहायचं. मराठी-इंग्रजी कोश एका क्षणात उलटा फिरतो. कागदावर हे करायचं तर सगळा कोश पहिल्या पानापासून वाचावा लागेल. या सोयीने मराठी अनुवादकांवर जे उपकार केले आहेत त्यांची पुरेशी जाणीव आपल्याला नाही. पानं चाळून जे शब्द कधीच भेटले नसते, कारण ते वेगळ्याच अक्षराच्या मुलखात राहतात, ते या वाटेने एका यादीत समोर येतात.

तरीही यादी मिळाल्यावर मी कागदाकडे जाते. यादीत शब्द एकेकटे उभे असतात. त्यातला कोणता आजही चालतो, कोणता फक्त जुन्या कवितेत शोभतो, कोणता उच्चारताच बोलणाऱ्याचा प्रदेश आणि वय कळतं, हे ठरवायला त्याच्या आजूबाजूचा मजकूर लागतो. स्क्रीनवरही तो वाचता येतो हे खरं. पण स्क्रीनवरची नोंद मी प्रश्नाच्या उत्तरापुरती वाचते आणि पुढच्या निकालावर जाते. कागदावर ती शेवटपर्यंत वाचते. हा दोष यंत्राचा नाही. शोधून आलेल्या गोष्टीकडे पाहण्याची नजर आणि समोर पडलेल्या गोष्टीकडे पाहण्याची नजर वेगवेगळ्या असतात.

मराठीच्या डिजिटल कोशांत शोध घेताना एक अडथळा सतत येतो आणि त्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. हे मोठे कोश जुन्या लेखनाचे आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२चे. त्यांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या कोशांत नांव, गांव, पांच, कांहीं असे शब्द अनुस्वारासह बसलेले आहेत. आजचं लेखन टाइप केलं की कोश एकतर काहीच नाही म्हणतो किंवा भलतीच नोंद दाखवतो. मोल्सवर्थ यांच्याकडे अनुस्वाराशिवायचं नाव म्हणजे होडी. छापील पानावर हा त्रास जवळजवळ जाणवत नाही, कारण डोळा सहज चार ओळी वरखाली फिरतो आणि ओळखीचं रूप पकडतो. ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच. माणसाची नजर माफ करते, अक्षर न् अक्षर जुळवणारा शोध करत नाही. जुनं लेखन मुळात ठाऊक असलेल्याला डिजिटल कोश हवं ते देतो. ते ठाऊक नसलेला तरुण अनुवादक मात्र शब्द मराठीत नाहीच असं समजून निघून जातो, आणि याचं मला फार वाईट वाटतं. शब्द तिथेच असतो, एका टिंबाच्या पलीकडे.

मराठीतून इंग्रजीत किंवा दुसऱ्या कुठल्या भाषेत अनुवाद करणाऱ्यांची अडचण याहून मोठी. त्यांच्यासाठी मराठी ही मूळ भाषा, म्हणजे माझ्या हिशेबाने त्यांना मराठीच कोश स्क्रीनवर हवा. पण मराठी शब्द वाक्यात क्वचितच मूळ रूपात उभा असतो. सामान्यरूप होतं, प्रत्यय लागतो, शब्दयोगी अव्यय चिकटतं, त्यावर आणखी एक प्रत्यय चढतो. 'झाडाखालच्या' हा शब्द कुठल्याच कोशात नसतो. त्यातून झाड बाहेर काढायचं काम वाचणाऱ्याचं. इंग्रजीच्या बऱ्याच ऑनलाइन कोशांत भूतकाळी किंवा अनेकवचनी रूप टाकलं तरी मूळ नोंद उघडते. मराठीत मी वापरते त्या मोठ्या कोशांचा शोध अजून शब्दाचं मूळ रूपच मागतो. त्यामुळे इथे डिजिटल कोशाचा वेग निम्मा उरतो आणि व्याकरणाची पूर्वतयारी लागते ती लागतेच.

एक मधला प्रकारही आहे, स्कॅन केलेल्या पुस्तकांचा. मोल्सवर्थ यांची १८५७ची आवृत्ती अशी पानापानाने पाहता येते. तिला स्क्रीन म्हणावं की कागद? शोध नीट चालत नाही, पण पान पूर्ण दिसतं, स्तंभ दिसतात, शेजार दिसतो. मला ही रूपं आवडतात. अंदाजाने एक पान उघडायचं, पुढे गेलो की मागे यायचं. कोश उघडण्याची मूळ हालचाल तशीच राहते. घरात जागा नसलेल्यांना आणि जडशीळ खंड पेलवत नसलेल्यांना हा चांगला पर्याय आहे. डोळ्यांचा प्रश्न असेल तर बोलायलाच नको. ज्यांना बारीक छपाई दिसत नाही किंवा अजिबातच दिसत नाही, त्यांना अक्षरं मोठी करता येणं, मजकूर आवाजात ऐकता येणं हे या साऱ्या चर्चेच्या वर आहे. कागदाचं कौतुक करताना त्या अनुवादकांना बाहेर ठेवणारा युक्तिवाद मी करणार नाही.

परिभाषेच्या बाबतीत तर मी सरळ ऑनलाइनची बाजू घेते. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश, शासन व्यवहार कोश, पदनाम कोश हे सगळे वेगवेगळ्या पुस्तकांत होते तेव्हा एका संज्ञेसाठी कितीतरी खंड काढावे लागत. आता संकेतस्थळावर शोध घेतला की एकाच इंग्रजी संज्ञेला निरनिराळ्या विषयांत काय प्रतिशब्द दिले आहेत ते एकत्र दिसतं. कायद्याचा किंवा शासकीय कामाचा मजकूर करणाऱ्याला स्वतःच्या पसंतीपेक्षा ठरलेली संज्ञा पाळायची असते. तिथे रेंगाळण्यात काही अर्थ नाही. तांत्रिक अनुवादात अनुवादकाने स्वतः जमवलेली संज्ञासूचीही संगणकातच हवी, म्हणजे पहिल्या पानावर वापरलेला शब्द शेवटच्या पानावर बदलणार नाही.

मात्र डिजिटल कोश कायम हाताशी राहील या भरवशावर कुणी राहू नये. ऑक्सफर्डच्या कोशाचा मजकूर मोफत देणारं 'लेक्सिको' हे संकेतस्थळ २०२२ साली बंद झालं. मॅकमिलनने २०१२ साली जाहीर केलं की यापुढे आपला कोश छापणार नाही, तो फक्त ऑनलाइन असेल; आणि २०२३ साली ते संकेतस्थळही बंद केलं. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तो फार विचारपूर्वक केलेला कोश होता. ज्यांनी त्याची छापील प्रत जपली त्यांच्याकडे तो आहे. याउलट अमेरिकेत मेरियम-वेब्स्टरने आपल्या कॉलेजिएट कोशाची बारावी आवृत्ती २०२५ साली पुन्हा छापली, अकराव्या आवृत्तीनंतर तब्बल २२ वर्षांनी. छापील कोश संपला असं म्हणणाऱ्यांनी याकडेही पाहावं.

टिकण्याशी जोडलेला आणखी एक मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. छापील कोशावर साल असतं, संपादकाचं नाव असतं, प्रस्तावना असते, संक्षेपांची यादी असते. त्याने काय घेतलं आणि काय गाळलं याची जबाबदारी कुणीतरी घेतलेली असते. १९३२चा कोश १९३२च्या आसपासची मराठी सांगतो आणि नंतर बदलत नाही. जुनं पुस्तक अनुवादताना हे न बदलणंच उपयोगी पडतं. अनेक मोफत संकेतस्थळांवर एकच नोंद शब्दशः तशीच फिरताना दिसते, मूळ कुणाची ते कळत नाही, आणि एका ठिकाणची चूक सगळीकडे पोचते. हल्ली शब्द सुचवायला थेट कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारतात. विसरलेला शब्द आठवून द्यायला ती मदत करते, हे मी नाकारत नाही. पण तिने दिलेल्या शब्दाला साल नसतं, प्रदेश नसतो, अवतरण नसतं, आणि कधीकधी तो मराठीसारखा दिसणारा, कुणीच न वापरलेला शब्द असतो. तो कोशात पाहिल्याशिवाय वाक्यात घेऊ नये.

मला बरेचजण विचारतात, मग नव्या अनुवादकाने पैसे आणि जागा कशावर घालवावी? माझं उत्तर : इंग्रजीचा छापील कोश नसला तरी चालेल. मराठीचा मात्र एक तरी मोठा कोश हाताशी, बसल्या जागी उघडता येईल असा ठेवावा, आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६चा 'मराठी व्युत्पत्तिकोश' मिळाला तर तोही. बहुतेकजण उलट करतात. इंग्रजीचे जाडजूड कोश असतात आणि मराठीचा एकही नसतो, कारण मराठी तर आपल्याला येतेच. अनुवाद मात्र बहुतेकदा मराठीच्याच बाजूने कमी पडतो. इंग्रजी कळलेलं असतं, आणि मराठीतले तेच ते शब्द पानोपान फिरत राहतात.

डिजिटल मराठी कोशाकडून मला काय हवं आहे, तेही सांगून टाकते. जुन्या आणि नव्या लेखनाची जोडणी हवी, म्हणजे आजचं रूप टाइप केलं तरी अनुस्वाराची जुनी नोंद उघडेल. प्रत्यय लागलेलं रूप दिलं तर मूळ शब्दापर्यंत पोचवणारी सोय हवी. ळ हे अक्षर संगणकाच्या संकेतक्रमात ल आणि व यांच्या मध्ये येतं, आपल्या वर्णमालेत ह नंतर. शब्दांच्या याद्या त्या संकेतक्रमाने नव्हे, वर्णमालेप्रमाणे लागायला हव्यात. बोलीच्या खुणांवरून गाळून पाहता यावं, म्हणजे दात्यांच्या कोशातले सगळे वऱ्हाडी शब्द एकत्र वाचता येतील. हे काम कागदावर कुणालाच जमणारं नाही आणि संगणकाला सोपं आहे. आणि प्रत्येक नोंदीच्या वर-खाली शेजारचे दहावीस शब्द त्यांच्या अर्थांसकट दिसावेत, क्लिक न करता. एवढं झालं तर मराठीचाही कोश स्क्रीनवर वाचायला मी तयार आहे.